मदत हवी आहे: इनव्हेरियंट सबस्पेसच्या जी-चा मापांक सीमेवर १ येत नाही

ओघ:
जरा लवकर सांगा, गुरुवारी गाइडसमोर बोलायचंय. एम म्हणजे उघड्या एकक चकतीवरची, झेड = १/२ ला शून्य होणारी सगळी फंक्शनं; झेडने गुणलं (म्हणजे शिफ्ट लावला) तरी एममध्येच राहतात, म्हणून ती इनव्हेरियंट. एम-मध्ये झेड-एमला लंब असणारा भाग एकमितीय आहे, त्यातलं नॉर्म १ चं फंक्शन म्हणजे जी. ब्यूर्लिंगच्या प्रमेयाप्रमाणे सीमेवर |जी| = १ हवं. मला १ पाशी ५/√७ येतंय आणि −१ पाशी ३/√७. चूक कुठे आहे?

सह्यकडा:
स्पेस कोणती? नॉर्म कोणता? हार्डी (वर्तुळावरच्या इंटिग्रलचा नॉर्म) असेल तर जी म्हणजे ब्लाश्के फॅक्टर, मापांक १ च येणार. सूत्र न देता चूक कशी शोधायची?

ओघ:
बर्गमनच हो, नॉर्म म्हणजे चकतीवरचं क्षेत्रफळाचं इंटिग्रल, π ने भागलेलं. रिप्रोड्यूसिंग कर्नलवरून (ज्याच्याशी इनर प्रॉडक्ट घेतला की बिंदूपाशीची किंमत मिळते) काढलं: जी(झेड) = (४/√७)·[१ − ९/(४(२−झेड)²)].

बिंदू_रेषा:
या शिफ्टचा स्पेक्ट्रम अख्खी बंद चकती, पण आयगेनव्हॅल्यू एकही नाही. अ‍ॅडजॉइंटला मात्र उघड्या चकतीतला प्रत्येक बिंदू आयगेनव्हॅल्यू. नेट परीक्षेसाठी हे पाठच करून ठेवा.

जुना_वर्ग:
स्पेक्ट्रम कोणी विचारलाय? ओघ, तुमचे आकडे बरोबर आहेत, अपेक्षा हार्डीतून आली आहे. १९४९ चं ब्यूर्लिंगचं प्रमेय शिफ्ट आयसोमेट्री असण्यावर उभं आहे. इथे झेडच्या एन-व्या घाताच्या नॉर्मचा वर्ग १/(एन+१), म्हणजे शिफ्ट नॉर्म कमी करतो. जी हे झेड·जी, झेड²·जी या सगळ्यांना लंब आहे, त्यातून एवढंच निघतं की |जी|² − १ चं चकतीवरचं इंटिग्रल कुठल्याही बाउंडेड हार्मोनिक फंक्शनबरोबर शून्य होतं. वर्तुळावर १ असण्याची सक्तीच नाही. उलट सीमेवर |जी| ≥ १ हवं, आणि तुमचे १.८९ व १.१३ तसेच आहेत. जी-ने गुणल्यावर नॉर्म घटत नाही, हे हेडेनमाल्मचं १९९१ चं काम.

घनमूळ:
एवढं कशाला? ऑक्टेव्ह सॉफ्टवेअरमध्ये शिफ्टचा ५० × ५० मॅट्रिक्स करा, सबस्पेस समोर दिसतील.

जुना_वर्ग:
नाही दिसणार. कापलेला शिफ्ट निलपोटंट होतो (त्याचा ५० वा घात शून्य) आणि त्याच्या इनव्हेरियंट सबस्पेसची नुसती एक साखळी उरते. १/२ ला शून्य होणारी सबस्पेस त्यात सापडणारच नाही.

घनमूळ:
आकडे ताडून बघायला तरी चालतं. मी नेहमी तसंच करतो.

ओघ:
ते असो. गाइड पुढे विचारणार, एम पूर्णपणे जी-पासून तयार होते का?

सह्यकडा:
तुमची एम होते. सर्वसाधारण एमसाठी आलेमान, रिख्टर, सुंडबेर्ग, १९९६: झेड-एमला लंब असलेला भाग एमला जन्माला घालतो. पण तो एकमितीय असेलच असं नाही, अनंतमितीयही असू शकतो (अपोस्टोल, बेर्कोविची, फोयाश, पीअर्सी, १९८५). मूळ सिद्धताच वाचा.

जुना_वर्ग:
गुरुवारपर्यंत मूळ सिद्धता होणार नाही. शिमोरिन, २००१ घ्या. एकच असमानता: ‖टी-एफ + एच‖² ≤ २(‖एफ‖² + ‖टी-एच‖²), इथे टी म्हणजे शिफ्ट, टी* त्याचा अ‍ॅडजॉइंट, एफ आणि एच कुठलीही फंक्शनं. ती एमवर मर्यादित केली तरी टिकते, खरी ताकद तिथे आहे. मग टी(टी*टी)⁻¹ हा कॉशी ड्युअल बघा. त्याच्या सगळ्या घातांच्या रेंजचा छेद शून्य असला की काम झालं. डिरिक्ले स्पेसच्या (जिथे नॉर्ममध्ये डेरिव्हेटिव्हही येतो) शिफ्टचा कॉशी ड्युअल म्हणजे बर्गमनचाच शिफ्ट, त्यामुळे रिख्टरचं डिरिक्लेचं प्रमेयही त्याच चौकटीत बसतं. इतकं सुंदर काही मी या विषयात दुसरं वाचलेलं नाही.

सह्यकडा:
सुंदर आहे, पण इंटिग्रलचा अंदाज हातात न घेता ती असमानता आली कुठून हे कळत नाही. गाइड नेमकं तेच विचारतील.

बिंदू_रेषा:
एन्फ्लोंनी २०२३ मध्ये हिल्बर्ट स्पेसचा मूळ प्रश्न (प्रत्येक बाउंडेड ऑपरेटरला शून्य आणि अख्खी स्पेस सोडून एखादी इनव्हेरियंट सबस्पेस असते का) सुटल्याचं लिहिलं होतं ना? मग हे सगळं आता कशाला?

जुना_वर्ग:
तो दावा आहे, मान्य झालेलं प्रमेय नाही. आणि तो प्रश्न बर्गमनमध्येच येऊन बसतो: एकात एक असलेल्या दोन इनव्हेरियंट सबस्पेसमधलं अंतर अनंतमितीय असेल तर मध्ये तिसरी असतेच का?

ओघ:
आभार, शिमोरिन घेतो. वजन (१−|झेड|²)^अल्फा असेल तरी हेच चालेल का?

जुना_वर्ग:
अल्फा किती ते सांगा. ० पर्यंत ही असमानता टिकते. १ च्या पुढे नॉर्म न वाढवता जी-ने भागण्याचा गुणच मोडतो, हेडेनमाल्म आणि झू, १९९८.

ओघ:
२.

जुना_वर्ग:
मग गुरुवारी वजनाशिवायच बोला.