जोडीने दाखवायचे सिनेमे: दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा असतो का?

गोदाकाठ (धागा सुरू करणारे)

आपल्या नाशिकच्या मंडळात एका रविवारी मूळ सिनेमा आणि त्याचा पुढचा भाग सलग दाखवायचं घाटतंय. माझा विरोध आहे. ज्या सिनेमाने नवी वाट पाडली, त्याचा दुसरा भाग तोडीचा होत नाही, आणि त्याचं कारण कारागिरीतच सापडतं.

'जॉज' (१९७५) घ्या. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शार्क दाखवता येईना, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं, खालून दिसणारे पोहणाऱ्यांचे पाय आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर यांच्यावर भीती उभी केली. १९७८ साली दुसरा भाग आला तोवर शार्क सगळ्यांनी पाहिलेला होता. लपवायचं काय?

'मॅट्रिक्स' (१९९९) तसाच. गोळ्या चुकवण्याच्या दृश्यासाठी हिरव्या पडद्यापुढे सुमारे १२० स्थिरचित्र कॅमेरे वळणावर मांडले, एकामागून एक चालवले आणि दोन चित्रांमधली फट संगणकाने भरली. कॅमेऱ्याचा मार्ग आधी आखावा लागायचा, म्हणून ते दृश्य मोजूनमापून आलंय. २००३ च्या दुसऱ्या भागात नायक निओ शत्रू स्मिथच्या असंख्य प्रतींशी लढतो, तेव्हा चेहरे टिपून आख्खी माणसंच संगणकात उभी केली. कॅमेरा वाटेल तिथे फिरतो, पण ठोसा बसल्यावर अंगाला वजन जाणवत नाही.

पंचवटीकर

'मॅट्रिक्स'बद्दल अर्धंच सांगितलंत. त्याच दुसऱ्या भागातल्या हायवेवरच्या पाठलागासाठी कॅलिफोर्नियात अलमेडाच्या जुन्या नौदल तळावर सुमारे दीड मैलाचा रस्ता बांधला होता. तिथे वजन आहे, कारण गाड्या खऱ्या आहेत. म्हणजे दोष दुसऱ्या भागाचा नाही, त्या एका दृश्यात निवडलेल्या पद्धतीचा आहे.

माझं उदाहरण 'टर्मिनेटर २' (१९९१). १९८४ च्या पहिल्या भागाने शिकवलं की श्वार्झनेगरचा यंत्रमानव दिसला म्हणजे मरण आलं. दुसरा भाग याच शिकवणीवर उभा आहे. दोन यंत्रमानव जॉन या पोराला शोधतायत, त्यातला वाचवणारा कोण हे मॉलमधल्या बोळात समोरासमोर येईपर्यंत सिनेमा सांगत नाही. पहिला भाग न पाहिलेल्याला हा धक्का निम्माच बसतो. त्या वेळच्या जाहिरातींनीच ते फोडलं, ही मोठी चूक होती. आपण दाखवला तर पत्रकात कथा छापू नका, पोस्टरही जपून निवडा.

आणि त्यातला दुसरा, द्रवधातूचा टी-१०००, सगळा संगणकातला नाही. छातीवर उमटणाऱ्या गोळ्यांच्या चंदेरी खुणा खास परिणाम करणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी हाताने बनवल्या. त्या कपड्याखाली बसवलेल्या असत आणि वेळ आली की उमलत. कॉफीच्या यंत्राजवळचा पहारेकरी आणि त्याचं रूप घेतलेला टी-१००० हे खरे जुळे भाऊ आहेत.

गोदाकाठ

हे मान्य. पण असे किती? 'गॉडफादर २' (१९७४) आता कुणीतरी आणेलच, म्हणून आधीच सांगतो: त्यातला तरुण व्हिटोचा, म्हणजे बापाचा, भाग पुझोच्या मूळ कादंबरीत होता, पहिल्या सिनेमात मावला नाही. अर्धा सिनेमा म्हणजे राहिलेला मालमसाला आहे.

सिडको_उत्तररंग

राहिलेला असू दे, लावला कसा ते बघा ना. बाप घर उभारतोय आणि लागलीच मुलगा तेच घर मोडतोय. हा अर्थ कादंबरीत नव्हता, कारण मुलाचा, मायकेलचा, पुढचा भाग सिनेमासाठी नव्याने लिहिला. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला तो पहिला उत्तरभाग.

मुळात 'पुढचा भाग' ही परकी गोष्ट समजू नका. कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातून मांडतात. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) असाच आहे. मेडिकल कॉलेज सोडलं, कथा सोडली, मुन्ना-सर्किट ठेवले; बोमन इराणी डॉ. अस्थाना होते ते लकी सिंग झाले. आणि फाळक्यांनी नाशिकमधूनच १९१८ मध्ये 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' काढला, दोन्हींत कृष्ण त्यांची मुलगी मंदाकिनी. 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते. हे धाडस पोर प्रेक्षकांच्या ओळखीची झाल्यावरच करता येतं.

गोदाकाठ

कृष्णकथा लोकांना आधीच पाठ होती, तिथे नव्याची अपेक्षाच वेगळी. मराठीतलं सांगा. 'झपाटलेला २' (२०१३) थ्रीडीमध्ये आला, रामदास पाध्यांचा बाहुला होता, प्रभावळकरांचा आवाज होता. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते. तात्या विंचूला आपण घाबरायचो ते लक्ष्या घाबरायचा म्हणून, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही म्हणून. बाहुला अंगावर आणून ती जागा भरत नाही.

गंगापूररोड_मॅटिनी

'झपाटलेला'बद्दल पटलं. पण 'मुंबई-पुणे-मुंबई'? पहिल्यात (२०१०) ती स्थळ नाकारायला पुण्यात येते, दोघं दिवसभर फिरतात आणि शेवटपर्यंत नावं कळत नाहीत. दुसऱ्यात (२०१५) गौतम-गौरी अशी नावं मिळतात आणि दोन्ही घरं कथेत येतात. आपल्याकडे पसंतीनंतर हेच होतं: बैठक, साखरपुडा, मग मनात शंका. पहिल्यातली निनावी मोकळीक जाते, हे खरं. पण ती जाणं हाच दुसऱ्याचा विषय आहे. सतीश राजवाड्यांनी पुन्हा तोच दिवस चालवला असता तर सिनेमा फसला असता.

गोदाकाठ

हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. विरोध मागे घेतो, पण सरसकट नाही. निवड करताना एवढं विचारा: पहिला भाग काढून घेतला तर दुसऱ्यातलं काय कोसळतं? काहीच कोसळत नसेल तर ती जोडी नको.

पंचवटीकर

मग वेळेचं बघू. 'गॉडफादर'चे दोन भाग १७५ आणि २०२ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. एका बैठकीत नाही जमायचं. 'टर्मिनेटर'चे १०७ आणि १३७. सातपूर-अंबडहून पाळी करून येणाऱ्यांसाठी चारला सुरू केलं, मध्ये अर्धा तास चहाला ठेवला, तर ८:३४ ला संपतं. पडदा कोण आणतंय?