अकरा गुणांनी पुढे असताना ऑनसाइड किक? (फॅमिली ग्रुप, २८ ऑगस्ट २०२२)

दादा: काल डब्लिनला अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आपण, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठ, तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ ने पुढे होतो. समोरच्या नॉर्थवेस्टर्नला बॉल मुकाट्याने द्यायचा, एवढंच काम होतं. आपल्या मुख्य कोच फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे लांब न मारता जवळच मारून बॉल आपणच परत पकडायचा, आणि ३१-२८ ने हरलो.

छोटी: पण अचानक मारलेली ऑनसाइड बऱ्याचदा मिळते ना? समोरचे बेसावध असतात.

दादा: मिळते, मान्य. फसल्यावर काय होतं ते बघ. किक आपल्या ३५ यार्डावरून. बॉल १० यार्ड गेल्याशिवाय आपल्याला हात लावता येत नाही. फसली की त्यांना आपल्या ४५ च्या आसपास बॉल, म्हणजे कापायला ४५ यार्डच. सरळ लांब मारून टचबॅक झाला असता, म्हणजे बॉल त्यांच्या एंड झोनमध्ये (टोकाच्या पट्ट्यात) थांबून त्यांच्या २५ यार्डावरून खेळ सुरू, तर त्यांना ७५ यार्ड कापावे लागले असते. तीस यार्ड फुकट दिले! मागे असताना हा जुगार समजतो, अकराने पुढे असताना नाही.

काका: त्या एकाच निर्णयावर खापर फोडू नका. त्यानंतर त्यांचा टचडाऊन (बॉल एंड झोनमध्ये नेणं) होऊनसुद्धा २८-२४ ने आपणच पुढे होतो. त्यांनी दोनशेच्या वर यार्ड नुसते पळून काढले. आणि आपल्या क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) थॉम्पसनचे शेवटी दोन इंटरसेप्शन, म्हणजे पास त्यांच्याच हातात.

ताई: काका, ते खरंय, पण गेल्या वर्षीपासून हेच चाललंय. २०२१ ला ३ जिंकले, ९ हरले, आणि एकही पराभव नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. हंगामभराचे गुण ३३५ विरुद्ध २७२, म्हणजे ६३ आपलेच जास्त! पोरांत दम नाही असं कुणी म्हणू नका. सामने स्पेशल टीम्सनी, म्हणजे किकच्या वेळी खेळणाऱ्या तुकड्यांनी, घालवले.

मिशिगन स्टेटविरुद्धचा आपला पंट (बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देणं) आठवा. २०-१३ ने पुढे, चारेक मिनिटं उरलेली. पंट उजवीकडे मारायचा ठरला की कव्हरेजची, म्हणजे पंट झेलून पळणाऱ्या रिटर्नरला अडवणारी, सगळी पोरं उजवीकडेच धावतात. साइडलाइन हा बारावा भिडू, रिटर्नरला तिकडे कोंडायचं. बॉल गेला डावीकडे. तिकडे आपलं चिटपाखरू नव्हतं. त्यांचा रीड ६२ यार्ड पळत थेट एंड झोनमध्ये, मग ओव्हरटाइममध्ये २३-२० ने हरलो.

छोटी: आणि आयोवाविरुद्ध? २१-६ ने पुढे होतो तिथे.

ताई: पंट ब्लॉक झाला, त्यावर त्यांचा टचडाऊन, शेवटी २८-२१ ने हरलो. ओक्लाहोमाविरुद्ध तर एक्स्ट्रा पॉइंट (टचडाऊननंतरची एका गुणाची किक) ब्लॉक होऊन त्यांनी तो उलटा पळवला. आपला एक गेला, त्यांना दोन मिळाले. इलिनॉयविरुद्ध आपल्या पोराने पंट गोललाइनपाशी पकडून बॉल आपल्याच एंड झोनमधून पुढे फेकला, सेफ्टी, म्हणजे त्यांना दोन गुण. तो बॉल सोडून द्यायचा असतो, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

काका: ब्लॉकचं कारण बहुतेक वेळा घड्याळात सापडतं. स्नॅप (पंटरकडे मागे बॉल फेकणं) ०.८ सेकंदाच्या आत, पंटरच्या हातातून पायापर्यंत १.३. एकूण २.१ च्या वर गेलं की कडेने येणारा पोचलाच. रोज सरावात मोजायला हवं, आणि मोजायला माणूस हवा.

छोटी: म्हणजे माणूसच नव्हता?

ताई: पूर्ण वेळचा नव्हता. तेव्हा मैदानावर शिकवायला दहाच असिस्टंट कोच चालायचे. २०२० ला स्पेशल टीम्स एका अॅनालिस्टकडे दिल्या, आणि अॅनालिस्टला मैदानात शिकवायची परवानगीच नव्हती. २०२१ ला आउटसाइड लाइनबॅकरच्या (बचावफळीतल्या) कोचवर हे जादा काम टाकलं. आत्ता कुठे त्या कामाला पूर्ण वेळचे कोच बुश आलेत.

दादा: चार वर्षं उशिरा. एका स्कोअरच्या (आठ गुणांच्या) आतल्या सामन्यांत फ्रॉस्टने ५ जिंकले, २१ हरले. नशीब एकवीस वेळा आड येत नाही.

काका: १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक आहे तो. १९६२ पासून आपलं लिंकनचं स्टेडियम भरतंय, ते अशा पोरांमुळेच. म्हणून जास्त लागतं. त्याला काढायचा म्हटलं तर १ ऑक्टोबरपूर्वी १.५ कोटी डॉलर द्यावे लागतील, नंतर ७५ लाख. महिनाभर थांबतील असं वाटतंय.

दादा: तोवर १७ सप्टेंबरला ओक्लाहोमा येऊन जाईल, काका.

ताई: शनिवारी नॉर्थ डकोटाविरुद्ध स्कोअर सोडा, चार गोष्टी बघा. पंटचे सेकंद, कव्हरेज आणि पंट एकाच बाजूला जातायत का, एक्स्ट्रा पॉइंटला मधली फळी वाकतेय का, आणि पुढे असताना किकऑफ लांब जातोय का. छोटी, तू सेकंद मोज, मी बाकीचं लिहून ठेवते.

छोटी: स्नॅपपासून धरू ना?

ताई: स्नॅपरच्या हातातला बॉल हलला की सुरू, पायाला लागला की बंद.