प्रतिसाद: बॉनेटची केबल घरी बदलताना

गाडीचं बॉनेट आतून उघडणारी केबल तुटली तर जुनी ओढून काढून मग नवी घाला, असं वरच्या पोस्टमध्ये सांगितलंय, त्यात थोडा बदल सुचवतो. जुनीच्या टोकाला आधी मजबूत दोरी बांधा आणि मगच केबल ओढा. म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) रबरी ग्रोमेटमधून (छिद्रात बसवलेल्या रबरी कडीतून) नवी नेण्याचा मार्ग दोरीने राखला जातो. नाहीतर तिथेच सगळा वेळ जातो. ग्रोमेट नीट बसवा, नाहीतर पाणी आत येतं.

केबल तुटण्यामागे बरेचदा गंजलेलं लॅच (बॉनेट अडकवून धरणारी खिट्टी) असतं, म्हणून ते साफ करून ग्रीस लावाच. आणि कृपा करून नवी केबल घातल्यावर लगेच बॉनेट आपटू नका, केबल नीट चालत नसेल तर ते उघडणार नाही! उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅच खाली दाबून बंद करा, आतला लिव्हर ओढा. लॅच दर वेळी खटकन सुटलं तरच बॉनेट लावा.