शब्दचर्चा : दगडीपाला, एकदांडी, कंबरमोडी... आणि माका?

शब्दखूण : केसांच्या तेलाच्या कृतींमध्ये ‘माका (दगडीपाला)’ असं कंसात छापलेलं सापडतं. दोन्ही एकच का? दगडीपाला कापल्या-खरचटल्यावर लावतात एवढंच ऐकून होतो.

पाटावरवंटा : एकच नव्हेत. दगडीपाला, एकदांडी, कंबरमोडी, जखमजुडी ही सगळी ट्रायडॅक्स प्रोकंबेन्सची नावं. माळ, बांध, रुळांकडेची खडी, भिंतीची भेग, कुठेही उगवतो आणि जवळजवळ बारमाही फुलतो. माका म्हणजे एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, संस्कृतात भृंगराज. त्याला ओल लागते. पाटाच्या कडेला, भातखाचरात बघा.

फूल बघितलं की घोळ मिटतो. दगडीपाल्याची दांडी वीतभर, कधी त्याहून लांब, आणि टोकाला एकच फूल. एकदांडी नाव त्यावरूनच. मध्ये पिवळा गड्डा, भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. माक्याचं फूल शर्टाच्या बटणाहून लहान, पांढरं, पानाच्या बगलेत आखूड देठावर. फुलं नसतील तर पान चुरगाळा. माक्याचा रस बोटांवर थोड्या वेळात काळपट होतो, दगडीपाल्याचा हिरवाच राहतो. दगडीपाल्याचं पान जाड, खरखरीत, कडेला खोल दातेरी; माक्याचं लांबट, भाल्यासारखं, जवळजवळ बिनदेठाचं. आणि दगडीपाल्याचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, माक्याच्या बियांना केसच नसतात.

ओलीमाती : गोंधळाचं मूळ बाजारात आहे. भृंगराज म्हणून वाळवलेला दगडीपाला विकला जातो. वाळून चुरा झाला की रंग-वासावरून ओळखता येत नाही, म्हणून माका ओलाच घ्यावा. गणपतीच्या पत्रीत आणि श्राद्धाला लागतो तोही माकाच.

शब्दखूण : मग दगडीपाल्याचं ‘जयंती वेद’ हे नाव? ते तर जुनं वाटतं.

पाटावरवंटा : वाटतं खरं. पण हे झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं, चरक-सुश्रुतात त्याला शोधत बसू नये. परदेशी तण इथे येऊन गावोगाव चार-चार मराठी नावं मिळवून बसलं, त्याचं मला जास्त कौतुक आहे.

बांधावरचा : कंबरमोडी आणि रानमोडी हीही गल्लत होते. रानमोडी म्हणजे क्रोमोलीना: कोकणातलं पुरुषभर उंच झुडूप, पानावर तीन ठळक शिरा, उग्र वास. तीही जखमेला लावतात, म्हणून नुसतं ‘मोडीचा पाला लाव’ म्हटलं की कुठला ते विचारावं. पोटात दोन्हीही घेऊ नयेत.

आता दगडीपाला लावायची रीत. जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवायची. आठ-दहा कोवळी पानं घ्यायची, रस्त्याकडेची किंवा फवारलेल्या शेतातली नकोत. पानावरच्या केसांत धूळ अडकते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायची. धुतलेल्या खलबत्त्यात ठेचून फडक्यातून चार-पाच थेंब जखमेवर पिळायचे आणि स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं. चरचरतं. रक्त थांबण्यात दाबण्याचाही मोठा वाटा असतो, तो लोक विसरतात. चोथा बांधून ठेवू नये. वाळला की खपलीला चिकटतो आणि सोडवताना पुन्हा रक्त येतं. पानं दातांनी चावून लावणं तर मुळीच नको, तोंडातले जंतू जखमेत जातात. खोल घाव, गंजका खिळा, कुत्र्याचा चावा यांना हा उपाय नाही. तिथे धुवायचं आणि दवाखाना गाठायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन पाल्याने टळत नाही.

ओलीमाती : तेलाचं राहिलं. वैद्यांचं प्रमाण कल्क (वाटलेला पाला) 1, तेल 4, रस 16. म्हणजे 250 मिली तिळतेलाला साधारण 60 ग्रॅम वाटलेला माका आणि 1 लीटर रस. कढई मोठी घ्या, मंद आचेवर सतत ढवळा. तेलावर फेस येऊ लागला, कल्काची बोटांत वात वळली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की उतरवा. तडतडली तर पाणी बाकी आहे; असं तेल आठवड्या-दोन आठवड्यांत आंबूस वास मारतं. कल्क काळा, कडक झाला तर तेल करपलं. गरम असतानाच गाळा, कोरड्या बाटलीत भरा.

शब्दखूण : आणि पिवळा माका?

पाटावरवंटा : तो वेगळाच, वेडेलिया. फूल पिवळं. पानाला तीन पाळ्या दिसल्या तर तेही नव्हे, ती रस्त्याच्या दुभाजकावर लावतात ती शोभेची वेल. तेलाच्या कृतीत ‘माका’ एवढंच लिहिलं असेल तर पांढऱ्या फुलाचा घ्यायचा, आणि तो कंस खोडून टाका.