आजीच्या कपाटातली फुगेवाली: किती जुनी असेल?

सई_सांगली:
आजीच्या काचेच्या कपाटात फुगे विकणाऱ्या म्हातारीची वीतभर चिनी मातीची मूर्ती आहे. आजोबांच्या इंग्रज साहेबाने मायदेशी परतताना दिलेली. तळाला हिरवा शिक्का, मुकुटावर उभा सिंह, 'रॉयल डोल्टन', 'एचएन १३१५' आणि शिक्क्याशेजारी बारीक १२. एक छोटं भोकही आहे. परवा पुसताना माझ्या हातून एक फुगा निखळला. फार वाईट वाटतंय. चिकटवू का?

मुंबईकर_७२:
चोर बाजारात मटण स्ट्रीटला दाखवा, लगेच भाव सांगतील.

स्टोकचे_नाना:
सई, भावाची घाई नको. आधी तो १२ बघ. रॉयल डोल्टन ही चिनी मातीच्या वस्तू करणारी इंग्लिश कंपनी, १९२८ पासून तिथे वर्षाचा आकडा घालत. तो १९२७ मध्ये मिळवायचा. तुझी म्हातारी १९३९ची! लेस्ली हॅराडिनने घडवलेली ही मूर्ती १९२९ पासून १९९८ पर्यंत निघत होती, त्यामुळे दुर्मीळ नाही. पण युद्धाआधीची हातात आली की मी अजून हरखतो. चेहरे हाताने रंगवलेले, म्हणून अशा कुठल्याही दोन मूर्तींची नजर कधी तंतोतंत सारखी नसते.

एचएन म्हणजे हॅरी निक्सन, कंपनीच्या रंगकाम विभागाचा प्रमुख. एचएन १, म्हणजे या क्रमातली पहिली मूर्ती, हे झोपायच्या सदऱ्यातलं लहान मूल. १९१३ साली ब्रिटनची राणी मेरी कंपनीच्या इंग्लंडमधल्या बर्स्लेमच्या कारखान्यात आली, त्याला पाहून 'डार्लिंग' म्हणाली आणि तेच त्याचं नाव पडलं.

भोक हा दोष नाही. मूर्तीचे भाग प्लास्टरच्या साच्यांत ओततात, पातळ मातीने जोडतात. आत पोकळी राहते, भट्टीत तिथली हवा बाहेर पडायला वाट लागते. म्हणूनच पाण्यात बुडवू नकोस, आत शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. फेविक्विक तर अजिबात नको. फुगा कापसात गुंडाळून ठेव, जाणकाराकडून जोडून घे. आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली एकदा धर. जुनी डागडुजी वेगळी चमकते.

सई_सांगली:
नाना, किराणा दुकानात दिवा होता, तिथे नेली. मानेभोवती पांढुरकी रेघ चमकली! आईला विचारलं. ती लहान असताना तिच्याच हातून मान तुटली होती. आजी कुणाला काही बोलली नाही, मिरजेहून जोडून आणली.

स्टोकचे_नाना:
मग यापुढे उचलताना मान किंवा फुगे धरू नकोस, दोन्ही हातांनी तळ धर. आणि आईला विचार, मिरजेत कुणाकडे जोडली होती? फार सुबक काम आहे.