रॉकर-बोगी मॉडेल वाळूत रुततंय, मोटर मोठी घ्यावी का?

सातपूर_मेकॅनिकल
मंडळी, कॉलेज प्रकल्पासाठी मंगळ रोव्हरचं सहाचाकी रॉकर-बोगी मॉडेल केलंय (दोन्ही बाजूंना रॉकर हा मोठा दांडा, त्याच्या एका टोकाला एक चाक आणि दुसऱ्या टोकाला बोगी हा दोन चाकांचा छोटा दांडा). वजन ९ किलो, १४० मिमी पीव्हीसी पाइपची गुळगुळीत चाकं, ३० आरपीएमच्या (मिनिटाला ३० फेऱ्यांच्या) गिअर मोटर. फरशीवर उत्तम चालतं. क्रशरच्या वाळूत मात्र मधली चाकं उचलली जातात आणि मागची रुततात. मोटर मोठी घ्यावी का? आणि आपल्या नाशिकची क्रशरची वाळू मंगळासारखी धरता येईल का?

बोगीवाला
मोटर मोठी केलीत तर चाक आणखी उकरेल. दोष भार कसा वाटला जातोय त्यात आहे. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरसारखी बोगी मागे असेल, तर तिची पिन (जिच्याभोवती ती डोलते) जमिनीपासून जितकी उंच, तितका चाकांचा जोर बोगीचं पुढचं टोक उचलतो. मधलं चाक हलकं होतं, भार मागच्यावर जातो. पिन दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये ठेवा आणि अक्षाच्या उंचीपर्यंत खाली आणा.

नंतर रॉकरची पिन, म्हणजे तो गाडीच्या धडाला जिथे जोडलाय ती. तिथून पुढच्या चाकापर्यंतचं आडवं अंतर बोगीच्या पिनपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट हवं, आणि बॅटरीसकट गुरुत्वमध्य त्या पिनच्या वर. तेव्हाच प्रत्येक चाकावर दीड किलो येतं. एक वजनकाटा आणि त्याच उंचीच्या पाच फळ्या घेऊन एकेक चाक तपासा. दोन रॉकर जोडणारा डिफरन्शियलचा दांडा बोटानं सहज हलला पाहिजे. तो अडकला की एक चाक हमखास हवेत राहतं.

टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) हिशोब: २०° वाळूच्या चढावर उताराचा ओढा ३० न्यूटन, वाळूचा विरोध १७ धरा. सहा चाकांत वाटून, ७ सेमी त्रिज्येला साडेपाच किलो-सेमी येतात. दुप्पट राखून १२ किलो-सेमीची, पण १० आरपीएमची मोटर घ्या. तरीही वेग सेकंदाला ७ सेमी होतो. क्युरिऑसिटीचा कमाल वेग सुमारे ४ सेमी आहे.

काळा_पाषाण
वाळूबद्दल: आपल्याकडचा क्रशर दख्खनचा बेसॉल्ट फोडतो, आणि मंगळावरच्या गेल विवरातल्या बॅग्नोल्ड टेकड्यांची वाळूही बेसॉल्टीच आहे. खनिजं जुळतात, कण जुळत नाहीत. क्रशरचे कण धारदार असतात, एकमेकांत अडकतात, त्यामुळे पकड खऱ्यापेक्षा चांगली दिसते. वाऱ्यानं घासलेले कण गोलसर होतात. म्हणून नदीची बारीक वाळू चाळून वापरा, आणि उन्हात पूर्ण वाळवा. थोडी ओल राहिली तरी वाळू घट्ट धरते आणि चाचणी फसवी ठरते. चाळताना मास्क लावा, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर फेल्टचा वॉशर घाला.

वजनाचं विसरू नका. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. म्हणूनच नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा स्केअरक्रो हा चाचणी रोव्हर मुद्दाम हलका बनवलाय, पृथ्वीवर त्याचा भार क्युरिऑसिटीच्या मंगळावरच्या भाराइतका भरतो.

सातपूर_मेकॅनिकल
आभारी आहे. चाकांना पकडीसाठी पट्ट्या सरळ (अक्षाला समांतर) लावू की तिरक्या?

बोगीवाला
सरळ. ८ मिमी उंचीच्या १८ पट्ट्या रिव्हेटनं बसवा, म्हणजे दोन पट्ट्यांत २४ मिमी राहतात. आडव्या उतारावर घसरण नको म्हणून क्युरिऑसिटीला २४ नागमोडी पट्ट्या दिल्या, पण चाकाचं ०.७५ मिमी ॲल्युमिनियम टोकदार खडकांनी फाटलं. नंतरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जाड पत्रा आणि ४८ जवळपास सरळ पट्ट्या आहेत.

आणि घसरण मोजल्याशिवाय चाचणी करू नका. ऑपॉर्च्युनिटी ही मंगळावरची रोव्हर गाडी २००५ मध्ये एका वाळूच्या लाटेत पाच आठवडे अडकली, कारण चाकं फिरत राहिली आणि गाडी जागेवरच होती. तुमच्या चाकाचा घेर ४४ सेमी. पाच फेऱ्यांत २.२ मीटर जायला हवं. १.१ मीटरच गेलं तर घसरण ५० टक्के, तिथेच थांबा आणि त्याच चाकोरीतून मागे घ्या.