डिमसमचं जेवण: चौदा जणांना टोपल्या किती?

मंडळी, नमस्कार.

आषाढातल्या शेवटच्या रविवारी पणजीला डिमसमचं, म्हणजे टोपल्यांत वाफवून येणाऱ्या छोट्या चिनी पदार्थांचं, जेवण ठरलं आहे. चौदा जण, त्यात चार शाकाहारी. ऑर्डर आदल्या दिवशीच देऊन ठेवू की तिथे बसून मागवू? आणि टोपल्या किती धरायच्या?

– सचिव

•

सचिवसाहेब,

आदल्या दिवशी फक्त टेबलं सांगा, पदार्थ नकोत. सगळ्या टोपल्या एकदम आल्या तर शेवटच्या चार थंड खाव्या लागतात, आणि थंड डिमसमला काही अर्थ नाही. हार गावचं, म्हणजे कोळंबीच्या त्या पारदर्शक पुडीचं, आवरण उकडीच्याच जातीचं आहे. गरम असताना लवचिक, निवलं की पांढुरकं आणि चामट. मोदक त्या मानाने सोशिक. हार गाव पाच-सात मिनिटांत संपवायचा. वर तो टोपलीतल्या कागदाला चिकटतो. मग कोणी चॉपस्टिकने वर ओढला की बूड कागदावर आणि कोळंबी बशीत. आडवा ढकलून सुटा करायचा, मग उचलायचा.

हिशेब असा. नुसतं डिमसम खायचं तर माणशी ९ नग, चौदा जणांचे १२६, म्हणजे ४ नगांच्या ३२ टोपल्या. सोबत नूडल्स किंवा भात घेतलात तर माणशी ७ पुरे; २५ टोपल्यांत भागतं. पण टोपलीत ३ नग की ४, हे आधी विचारा. सात जणांच्या टेबलावर तीन-तीनच्या दोन टोपल्या आल्या तर एक जण बघत बसतो. टेबलं सात-सातांची दोनच करा.

बसल्याबसल्या चहा सांगा आणि त्याच दमात कमळाच्या पानातला चिकट भात. तो आधी शिजवून बांधून ठेवलेला असतो, तरी आतपर्यंत तापायला वीसेक मिनिटं लागतात. शेवटी मागवलात तर सगळे हात धुऊन बसल्यावर येतो. पहिल्या फेरीत हार गाव (वाफ ५-६ मिनिटं) आणि शू माय, म्हणजे वरून उघडी मांसाची पुडी. मग तांदळाच्या घावनाची गुंडाळी, चंग फन, आणि बाव, म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव. तळलेलं तिसऱ्या फेरीत, कारण तेलाने जीभ एकदा माखली की कोळंबीची गोडी कळत नाही. सोया सॉसही त्याच कारणाने हार गावला नको. चिली ऑइलचा एक थेंब फार झाला.

चहा दुधासाखरेविना. या जेवणाला कँटोनीज लोक ‘याम चा’ म्हणतात, त्याचा अर्थच चहा पिणे. जाईचा हलका, डुकराचं मांस जास्त असेल तर पु-अर हा मुरवलेला काळा चिनी चहा घ्या, त्याचा तुरटपणा चरबी कापतो. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं. ही खूण चिनी वाढपी ओळखतो, आपल्याकडचा ओळखेलच असं नाही, तेव्हा हाक मारा.

– पर्वरीचे काका

•

काका, शाकाहारींचं राहिलं. यादीत ‘व्हेज’ लिहिलं म्हणून गाफील राहू नका. भाजीवर ऑयस्टर सॉस ओततात, तो कालवांचा अर्क. मुळ्याच्या वडीत, लो बाक गोमध्ये, सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतात. नाव मुळ्याचं, वास सोड्यांचा. बावच्या पिठात डुकराची चरबी असू शकते. तिन्ही गोष्टी नावं घेऊन विचारा, नुसतं ‘व्हेज आहे ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. शिवाय टोपल्या एकावर एक रचून वाफवतात, वरच्यातलं पाणी खालच्यात ठिबकतं. आपली चवड वेगळी लावायला सांगा.

– फोंड्याच्या वहिनी

•

वहिनी, हार गावचं आवरण घरी जमतं का? तांदळाच्या पिठीचं केलं तर मोदकच झाला.

– मडगावहून

•

जमतं, पण पिठी नको. त्यात गव्हाचं सत्त्व लागतं. कुरडयांचा चीक काढतो तेच, फक्त आंबवण न ठेवता धुऊन वाळवलेलं. १०० ग्रॅम सत्त्व, ५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, चिमूट मीठ, २०० मिली पाणी, २ चमचे तेल. पाणी खळखळतं हवं आणि एकदम ओतायचं. गव्हातला चिवट भाग सत्त्वात उरलेला नसतो, त्यामुळे पीठ धरून ठेवतो तो फक्त उकळत्या पाण्याने फुललेला स्टार्च. पाणी दोन मिनिटं निवलं तरी कडा फाटतात, मग कितीही मळा. टॅपिओका म्हणून साबुदाणा दळू नका. तो करतानाच अर्धवट शिजवलेला असतो, गोळा बुळबुळीत होतो. ओल्या फडक्याखाली पाच मिनिटं ठेवून लिंबाएवढ्या नव्हे, सुपारीएवढ्या गोळ्या करा.

कोळंबी कुरकुरीत लागते ती खायच्या सोड्यामुळे: पाव किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा, वीस मिनिटं, मग थंड पाण्याने चांगली धुवायची. धुण्यात आळस केला तर साबणाची चव येते. आणि यांत्रिक बोटींना ३१ जुलैपर्यंत बंदी आहे, तेव्हा बाजारातली सुंगटां (कोळंबी) बहुतेक तळ्यातली किंवा बर्फातली. बर्फातली असतील तर पुसून अगदी कोरडी करा, नाहीतर सारणाचं पाणी सुटून पुडी खालून फुटते.

– फोंड्याच्या वहिनी

•

ठीक. सातांची दोन टेबलं, साडेबाराला. टोपलीत नग किती ते उद्या फोनवर विचारतो. शेवटी एग टार्ट, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डच्या वाट्या, १४, माणशी एक. वर जळके डाग असलेला मिळाला तर तो मकावचा प्रकार, ‘नाता’ या पोर्तुगीज कस्टर्ड टार्टच्या वळणाचा. गुळगुळीत पिवळा असेल तर हाँगकाँगचा. मकावचा कारभार १८४४पर्यंत गोव्यातूनच चाले, तेव्हा जळका आपला धरायला हरकत नाही.

– सचिव